टिश्यूवरचा एक थेंब

कस्टम लूपचं, म्हणजे कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायला सुटे पार्ट जोडून द्यायचं, काम असलं की मी आधीच सांगून ठेवतो, बसवायला एक दिवस आणि लीक टेस्टला एक दिवस, त्यात घाई करायची नाही. बहुतेक लोक मान डोलावतात आणि सगळं जोडून झालं की विचारतात, "आता चालू करूया ना?" या वेळी पण तेच झालं, फक्त या वेळी त्या चोवीस तासांनी एक अख्खं मशीन वाचवलं, म्हणून लिहितोय.

या वेळच्या गिऱ्हाईक ताई घरूनच व्हॉइसओव्हर करतात आणि त्यांच्या मिस्टरांचं थ्रीडी रेंडरिंग पण त्याच मशीनवर चालतं. प्रोसेसर रायझेन 9 5900एक्स, वर एक मध्यम एअर कूलर, आणि ग्राफिक्स कार्ड तीन फॅनचं. रेंडर लावलं की प्रोसेसर 87-88 डिग्रीला जाऊन बसायचा (याची मर्यादाच 90 आहे) आणि फॅन असे भणभणायचे की त्या खोलीत माईक ऑन करायची सोय नाही. म्हणजे एकाचं काम सुरू झालं की दुसऱ्याचं बंद. रेडीमेड एआयओ (आधीच पाणी भरून येणारा कूलर) बसवून प्रोसेसर थंड झाला असता, पण खरा आवाज कार्डाचा होता, म्हणून दोन्ही एकाच लूपमध्ये घ्यायचं ठरलं.

पार्ट त्यांनी एका ओळखीच्याकडून जुने घेऊन ठेवले होते. पंप आणि रेझ (पाण्याची टाकी) चांगले होते, दोन्ही ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी फिरणारे ठोकळे) निकेल चढवलेल्या तांब्याचे. रेडिएटर हातात घेतला आणि तो जरा जास्तच हलका लागला. पोर्टच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हळूच खरवडून बघितलं, पितळ असतं तर पिवळं दिसलं असतं, इथे पांढरी चमक आली. ॲल्युमिनियम. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्याची बॅटरीच तयार होते, ॲल्युमिनियम झिजत जातं आणि तो गाळ ब्लॉकच्या केसासारख्या बारीक फटींत जाऊन बसतो. चांगलं कूलंट टाकलं तर हे लांबतं, थांबत नाही. मी सरळ सांगितलं की हा मी लावणार नाही. ताईंचा चेहरा पडला, मलाही वाईट वाटलं, पण सहा महिन्यांनी ब्लॉक उघडून आत हिरवट पांढरा चिखल बघण्यापेक्षा ते बरं. दुसऱ्या दिवशी तांब्याचा 360 मिमीचा, तीन फॅनचा रेडिएटर आला आणि काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

कार्ड उघडणं, थर्मल पॅड जागेवर बसवणं, पेस्ट लावणं, ट्यूब मापून कापणं यात दुपार गेली. भरताना पंप कोरडा फिरवायचा नाही एवढं सांभाळावं लागतं कारण त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी असतं. रेझ भरायचा, पंप दोन-तीन सेकंद फिरवायचा, पातळी खाली गेली की बंद, परत भरायचा. मग कॉम्प्युटरची केस उचलून पुढे मागे कलती करायची, रेडिएटरमध्ये अडकलेले बुडबुडे गुळगुळ करत बाहेर येतात. या सगळ्या वेळात बोर्डाला, प्रोसेसरला, कार्डाला कसलीच पॉवर नाही, सगळे कनेक्टर काढून ठेवलेले, सप्लायच्या 24 पिनला जंपर प्लग (बोर्डाशिवाय सप्लाय चालू करायला) आणि जिवंत फक्त पंप. प्रत्येक जॉइंटखाली कोरडा पांढरा टिश्यू.

दोन तास झाले. ताई म्हणाल्या, "दादा, एक थेंब नाहीये बघा, सकाळी मला एक रेकॉर्डिंग द्यायचंय, आजच चालू करून दिलं असतं तर..." त्यांचं म्हणणं मला समजत होतं, काम अडलं की माणूस असाच बोलतो. मी म्हटलं, "ताई, दोन तासांत मोठी गळती कळते, बारीक नाही कळत." मिस्टरांनी विचारलं की शुद्ध पाण्यातून करंट जात नाही ना मग एवढी भीती कशाला. गोष्ट अर्धी खरी आहे. बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी खूप कमी करंट नेतं, पण ते लूपमध्ये धातूवरून फिरलं, वर कूलंटमधली केमिकल्स, आणि बाहेर पडून बोर्डावरच्या धुळीत मिसळलं की ते शुद्ध राहत नाही. शेवटी ताईंनी क्लायंटकडून एक दिवस मागून घेतला आणि मी पंप चालू ठेवून घरी आलो.

सकाळी सहाला फोन. "दादा, टिश्यू ओला दिसतोय."

मी पोचलो तेव्हा ताई टॉर्च धरून खालीच बसलेल्या. प्रोसेसरच्या ब्लॉकचं आउटलेट फिटिंग (ट्यूब जोडायचा आटेवाला तुकडा), त्याच्या खालच्या टिश्यूवर नाण्याएवढा निळसर डाग, आणि फिटिंगच्या कडेला एक थेंब लोंबकळत होता, पडेना, नुसता हळूहळू फुगत होता. त्याच्या बरोबर खाली ग्राफिक्स कार्ड. आदल्या रात्री मशीन चालू करून दिलं असतं तर रात्रभर रेंडर लागला असता आणि तो थेंब पॉवर असलेल्या कार्डावर पडला असता. मी काही क्षण काहीच बोललो नाही.

पाणी काढून फिटिंग सोडवलं. ओ-रिंगच्या (फिटिंगमधल्या रबरी कड्याच्या) एका बाजूला नखाच्या कोरीसारखा बारीक काप होता आणि तिथलं रबर दबून बाहेर आलेलं. हे माझ्या हातून झालं होतं. ते फिटिंग मला जरा सैल वाटलं म्हणून मी पाना लावून पाव फेरा जास्त फिरवला होता. ही फिटिंग हाताने आवळायची असतात, पाणी ओ-रिंग अडवते, आटे अडवत नाहीत, हे मला पक्कं माहीत असून हात गेला. तसं मी ताईंना सांगितलं, रिंग त्यांच्या हातावर ठेवून काप दाखवला. त्या रागावल्या नाहीत, पण परत चोवीस तास म्हटल्यावर त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपवर, अंगावर रजई घेऊन केलं. मी त्या दिवशी सगळीच फिटिंग सोडून एकेक रिंग बघितली, थोडं कूलंट बोटाने लावून परत बसवली, नुसत्या हाताने आवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे टिश्यू कोरडे खडखडीत. तेव्हा कुठे पॉवर जोडली. तासभर रेंडर चालवला, प्रोसेसर 69, कार्ड जे आधी 78 ला असायचं ते 54 वर. पाणी उष्णता मारत नाही, खोलीत ती तेवढीच येते, पण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साडेतीन हजार पटीच्या आसपास उष्णता धरतं आणि ती एवढ्या मोठ्या रेडिएटरवर पसरते, म्हणून फॅन 700 आरपीएमवर पण पुरे पडतात.

ताईंनी हेडफोन लावले, माईकचा गेन वाढवला, मिस्टरांना रेंडर चालूच ठेवायला सांगितला. मग म्हणाल्या, "दादा, एक बारीक गुणगुण येतेय." कान लावून बघितलं तर पंप, पाचव्या सेटिंगवर फुल फिरत होता. दोनवर आणला, खाली फोमची पट्टी दिली, टेम्परेचर एका डिग्रीनेच वाढलं. त्यांनी परत ऐकलं, डोळे मिटून, बराच वेळ, आणि मग सरळ स्क्रिप्ट उघडून वाचायलाच लागल्या.

ती फाइल संपेपर्यंत आम्ही दोघं दाराशी गप्प उभे होतो. साइड पॅनल लावताना ताईंनी केसच्या तळाशी, वायर आणि फॅनपासून लांब, स्वतःच एक कोरडा टिश्यू ठेवला, आठवडाभर राहू दे म्हणाल्या. मी काढायला सांगितलं नाही.