सर्व्हेच्या नकाशात नसलेला कोपरा

मोपाचा विमानतळ आल्यापासून गोव्याच्या पेडणे महालात मोजणीच्या कामाला उसंत नाही. पिढ्यान्‌पिढ्या न वाटलेली भाटं, म्हणजे बागायती, आता तातडीने वाटून हवी असतात. हे कामही त्यातलंच. चार भावंडांची काजूची बागायत, कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीसाठी मालमत्तेची यादी, होऊन वाटे पडलेले, आणि थोरल्याने आपला वाटा विकायला काढलेला. तो जागेवर आखून द्यायला मला बोलावलं होतं.

लोकांना वाटतं, नकाशा हातात असला की मोजणी म्हणजे नुसती टेप धरायची. आमच्याकडचे सर्व्हेचे नकाशे सत्तरच्या दशकातले. एकास दोन हजार प्रमाणाच्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर एक मीटर रुंद होते. त्या एका मीटरवरून भाऊ भावाचं तोंड बघत नाही. म्हणून मी आधी हद्दीचे जुने दगड शोधतो, गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, कोपरे घेतो, टोटल स्टेशनने, म्हणजे अंतर आणि कोन मोजणाऱ्या मशीनने, सगळ्या जागेला वळसा घालून पहिल्या बिंदूवर परत येतो आणि फरक किती पडला ते बघतो. त्या दिवशी १४ मिलिमीटर पडला. एवढ्या चढउताराच्या रानात हे काम चोख म्हणायचं.

दक्षिणेच्या कोपऱ्यात मशीनचा किरण परतवणारं प्रिझम दिसेना म्हणून मदतनीस घाणेरी तोडत होता. कोयता खणकन चिऱ्यावर वाजला. झुडूप बाजूला केलं तर आत वृंदावन, तुळशीच्या जागी काजूचं मूळ घुसलेलं. मग दुसरं, तिसरं. दुपारपर्यंत सात निघाली. त्यांच्या पलीकडे ओळीने अकरा ओबडधोबड दगड होते, गुडघ्याएवढेही नाहीत. पडलेल्या गडग्याचे असतील असं मी धरलं. मशीनमध्ये प्रत्येक बिंदूला कोड द्यावा लागतो. ३१ ते ४१ ला मी ‘दगड’ असा कोड दिला.

खालच्या अंगाला मुंडकारांचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचं, घर आहे. तिथली म्हातारी काठी टेकत वर आली आणि म्हणाली, “पुता, थंय बुटां काडून वच.”

तिनेच सगळं सांगितलं. या घराण्यातली माणसं आपल्याच भाटात दहन होत. मोठ्यांच्या जागी वृंदावन बांधत. दात न आलेली मुलं जाळत नसत, पुरत. कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर दगड ठेवत. त्यातल्या काहींचं बारसंही झालं नव्हतं, मग नाव कोरणार कुठलं? तिची सासू दर सर्वपित्री अमावास्येला इथे पणती लावायची. मी बूट काढले. त्या रात्री ३१ ते ४१ चा कोड बदलून ‘मूल’ केला.

चिरा भोकांचा दगड, त्यावर बारीक अक्षर टिकत नाही. म्हणून तीन वृंदावनांत काळ्या दगडाची पाटी बसवलेली होती. शेवाळ ओल्या काथ्याने घासलं आणि मोबाईलची बॅटरी बाजूने आडवी धरली. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, आडवा टाकला की खोदलेल्या अक्षरांत सावली भरते. नाव अर्धवट, तिथी झिजलेली, पण ‘कार्तिक’ आणि ‘शके १८४०’ स्वच्छ. दुसऱ्या पाटीवर तेच. तिसऱ्या पाटीवरही तेच.

शकात ७८ मिळवले. १९१८ चा नोव्हेंबर. मानमोडी, इन्फ्लुएन्झाची साथ! जूनमध्ये मुंबईत शिरलेला तो ताप पावसाळा सरता सरता दुसऱ्यांदा उसळला आणि विशी-तिशीतल्या धडधाकट माणसांना घेऊन गेला. या एका घरातून एका महिन्यात तिघं गेली. राज्य पोर्तुगिजांचं, पण पाटीवर मराठी अक्षर आणि शालिवाहन शक.

मी तो कोपरा वेगळा मोजला. १८६ चौरस मीटर भरला. नकाशात दाखवला तसा दलाल बिथरला. “सर्व्हेच्या नकाशात नाही, एक-चौदाच्या उताऱ्यात नाही, तुम्ही कशाला उकरताय?” मूळ सर्व्हे करणाऱ्यांना मी दोष देत नाही. मीटरभर वृंदावन त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होतं. मला राग येतो तो घरच्यांचा. इन्व्हेंटरीत काजूंची किंमत लागली, विहिरीची लागली, गडग्यावरच्या फणसाचीसुद्धा नोंद झाली. या कोपऱ्याबद्दल चौघांपैकी कोणी अवाक्षर काढलं नाही.

थोरल्याला मी फोनवर सांगितलं, एवढा तुकडा सामाईक ठेवा, दोन मीटरची वाट सोडा, गिऱ्हाईक काही पळून जाणार नाही. ते “बघू” म्हणाले. पंधरा दिवसांनी कळलं, दुसऱ्या सर्व्हेयरकडून नवा नकाशा करून घेतलाय.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. मी दाखवलं नसतं तर ती जागा आणखी काही वर्षं घाणेरीखाली तशीच राहिली असती का? आता तिथे काय आहे ते दलालाला ठाऊक आहे, आणि जेसीबीला ती सात वृंदावनं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. आधी इतर भावंडांना गाठायला हवं होतं. मी नकाशा थेट पैसे देणाऱ्याच्या हातात दिला, कारण रीत तशी आहे.

परवा पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. म्हातारीच्या मुलाने तिला कळवलं होतं. शके १८४० म्हणजे कोणतं साल, हे तिने दोनदा विचारलं. मग बराच वेळ बोलली नाही. मी तिला पाट्यांचे फोटो, अठराही बिंदूंचे आकडे आणि माझ्या नकाशाची सही केलेली प्रत पाठवली आहे. विक्रीपत्र कधी आहे ते तिलाही ठाऊक नाही.