आजोबांचा दाखला आणि माझा प्रवेश

माझे वडील पाटण तालुक्यातून वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार म्हणून आले आणि आम्ही भावंडे कोपरखैरण्यात वाढलो. आमच्या घरात बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरणारी मी पहिलीच. अभियांत्रिकीला जायचे ठरले तेव्हा माझ्या गुणांची काळजी सगळ्यांनी केली. कागदपत्रांची मात्र कोणी केली नाही, कारण तीही करावी लागते हे सांगणारे माणूसच आमच्या नात्यागोत्यात नव्हते.

आम्ही इतर मागासवर्गात मोडतो. या प्रवर्गाच्या जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा दिनांक मानला जातो, आणि त्या वेळी आपले पूर्वज जिथे कायमचे राहत होते तिथल्याच सक्षम अधिकाऱ्याकडून ते घ्यावे लागते. माझा जन्म, शाळा, आमची शिधापत्रिका सगळे नवी मुंबईतले. तरीही पुरावा पाटणचाच हवा होता. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांनी जुने जनरल रजिस्टर काढले. पानांच्या कडा विरल्या होत्या, शाई तपकिरी पडली होती. आजोबांचे नाव सापडले, जातीचा रकानाही स्पष्ट वाचता आला, परंतु त्यांच्या नावापुढे आडनावच लिहिलेले नव्हते. मग वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि चुलत्यांचे दाखले जोडणे आले. माथाडीच्या टोळीत जो हजर असतो त्यालाच त्या दिवसाच्या मजुरीत वाटा मिळतो, त्यामुळे गावची प्रत्येक खेप वडिलांच्या कमाईतून वजा होत होती. त्यांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, आणि मला ते आजही विसरता येत नाही.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपत नाही. राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशासाठी त्याची पडताळणीही लागते आणि तिला वेळ लागतो. हा अर्ज अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच महाविद्यालयामार्फत करता येतो. ज्यांच्या घरी कोणी आधी शिकलेले आहे त्यांना हे ठाऊक असते. आमच्यासारख्यांना ते निकालानंतरच्या धावपळीत कळते. हुशारीचा यात काहीही संबंध नाही, आणि म्हणूनच मला हा अन्याय वाटतो.

प्रवेश अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतानाही हेच होते. ‘हमखास मिळेल ते महाविद्यालय वर टाक, नाहीतर तेही जाईल,’ असा सल्ला वस्तीत आपुलकीनेच दिला जातो. तो चुकीचा आहे. जागा गुणवत्ता क्रमानुसार वाटल्या जातात; वरचा पर्याय मिळाला नाही तर खालच्या पर्यायावरचा आपला हक्क कमी होत नाही. उलट पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप निश्चित होतो आणि पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून ऐरोलीचे किंवा नेरुळचे महाविद्यालय केवळ घराजवळ आहे म्हणून वर लिहू नये. जे खरोखर हवे आहे तेच पहिले लिहावे.

२०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. माझ्या वेळी हे असते तर वडिलांवरचा केवढा भार उतरला असता! पण ही माफीही उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेवर हाती असेल त्याच मुलीला मिळते.

त्यामुळे दहावीची परीक्षा संपलेली मुलगी आई-वडिलांना घेऊन माझ्याकडे आली की मी गुण नंतर विचारते. आजोबा कोणत्या गावच्या शाळेत गेले होते आणि ते कधीच शाळेत गेले नसतील तर त्यांच्या भावांपैकी कोणी गेले होते का, हे आधी विचारते. मे महिन्यात ही कुटुंबे गावी जातातच. रजिस्टरचा उतारा त्याच खेपेत घेऊन या, असे मी त्यांना सांगते.