शिवराई का नाही?

आमच्याकडे आलेला मराठी पाहुणा माझा नाण्यांचा डबा बघतो आणि हमखास विचारतो, "अहो, आपली शिवराई सोडून हे अमेरिकेचे काळपट सेंट कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ही ओढ मुळात शिवराईनेच लावली. आजीच्या फडताळात दोन शिवराया होत्या, शिवाजी महाराजांच्या नावाची ती तांब्याची नाणी, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. सोन्याचं नाणं पेटीत राहतं, तांब्याचं बाजारहाट करतं. पुढे न्यू जर्सीत घर केलं, तेव्हा इथल्या मातीतलं तसंच नाणं शोधू लागलो.

ते म्हणजे सेंट, डॉलरचा शंभरावा भाग. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने 1793 मध्ये तांब्याचे पहिले सेंट पाडले. मागच्या बाजूला पंधरा कड्यांची साखळी, पंधरा राज्यांच्या एकीची. लोकांना ती बेडीच वाटली. 36,103 नाणी पाडून झाली आणि साखळीच्या जागी पानांची माळ आली. ठसे हाताने घडवलेले, अक्षर न् अक्षर ठोकून उठवलेलं. त्यामुळे एक ठसा दुसऱ्यासारखा नाही. 1794 च्या एका ठशात तर काठावरच्या दातऱ्यांमध्ये 94 चिमुकल्या चांदण्या आहेत! कशासाठी, ते आजवर कोणाला उलगडलेलं नाही. तो सेंट माझ्याकडे नाही. 1796 चा अर्धा सेंटही नाही. टाकसाळीच्या हिशेबात त्या साली अर्धे सेंट जेमतेम 1,390.

माझा लाडका सेंट 1803 चा. एका काकूंनी प्रेमाने म्हटलं, "द्या, चिंचेने लख्ख करून देते." मी घाईघाईने डबा मिटला. दोनशे वर्षांत चढलेला तो तपकिरी रंग एकदा घासला की परत येत नाही, आणि जाणकार असं नाणं हातातही घेत नाहीत.

त्या सेंटशेजारी मी मुंबईचा 1794 चा तांब्याचा पैसा ठेवलाय, तराजू आणि फारसीत 'अदल', म्हणजे न्याय, लिहिलेला. कंपनी सरकारसाठी तो इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो कारखान्यात पाडला गेला. आणि त्याच बोल्टनकडून फिलाडेल्फियाची टाकसाळ सेंटसाठी तांब्याच्या कोऱ्या चकत्या मागवत असे. पिंपांत भरून, जहाजाने. हे कळलं त्या रात्री मी दोन्ही नाणी दिव्याखाली धरून किती वेळ बसलो होतो!

घ्या, बघा. फक्त काठाला धरा.