आमची वाटचाल: गोव्यातल्या बेतीची शेड आणि पाण्याची बादली

बोटीवर दोर बांधायची क्लीट असो, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप असो की मासे शोधणाऱ्या फिश फाइंडरचा सेन्सर, खाली पॅकिंग, म्हणजे बैठक सपाट करणारा तुकडा, लागतंच. डेक कुठे सपाट असतो, तुम्हाला काय सांगायचं! पूर्वी सगळे मरीन प्लायचे तुकडे घालायचे. दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटायचे आणि बोल्टच्या वाटेने पाणी आत.

एचडीपीई या टणक प्लास्टिकचं पॅकिंग मी आणि आमच्या सुतारकाकांनी मिळून सुरू केलं. काका जेटीवर बोटीच्या हलचा, म्हणजे बाहेरच्या अंगाचा, उतार बेव्हलवर (कोन मापायच्या हत्यारावर) घ्यायचे आणि तो बेव्हल पोराला न्यावं तसा जपत शेडमध्ये आणायचे. "हात लावू नको रे, कोन सांडेल!" मग काळी शीट बँडसॉवर चिरायची, रंधा मारायचा. काळी वेटोळी शेडभर. काका गेले. बेव्हल माझ्याकडे आहे, त्याचा स्क्रू थोडा ढिला झालाय.

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. आमचं निम्म्याहून जास्त काम ते खनिज वाहणाऱ्या बार्जचं. मांडवीत बार्ज नांगर टाकून गंजत उभ्या आणि आमची बिलं मालकांच्या खणात. शीटवाला दारात येऊन बसायचा. कॉम्प्रेसर विकला.

नेमकं तेव्हाच आमच्याकडे तीन वर्षं शिकलेल्या एकाने स्वतःचं दुकान थाटलं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पांढरंशुभ्र पॅकिंग, आमच्याच मापाचं, निम्म्या दरात. फिनिशिंग सुबक होतं, हे कबूल. मालीम जेटीचे ट्रॉलरवाले एकेक करून तिकडे गेले. एक तांडेल तेवढा राहिला. तो आगाऊ पैसे ठेवून जायचा, वर म्हणायचा, "पात्रांव (मालक), मोजून घ्या."

पुढच्या जून-जुलैच्या मासेमारी बंदीत त्यानेच दुसऱ्याच्या बोटीवरून काढलेला पांढरा तुकडा आणून दिला. बोल्ट भोकात आवळलेला, फट बुजवणारं सीलंट कडेने फाटलेलं. मी नुसता तुकडा बादलीत टाकला. तळाला गेला. शेजारी आमचा टाकला, तरंगला. एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं असतं हो! तो नायलॉन होता. गिअरसाठी उत्तम माल, पण पाणी पितो आणि फुगतो. दिवसभर येईल त्याला बादली दाखवत होतो. लोक बघून हसले. लगेच परत मात्र कोणी आलं नाही, हे अजून बोचतं.

नंतरची वर्षं बरी गेली. बार्जवाल्यांना उधारी बंद केली, त्यामुळे 2018 मध्ये खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा आमचं काही अडकलं नाही.

आणि हो, एचडीपीईला कुठलंही सीलंट नीट चिकटत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका, बोल्टच वापरा. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक मारून तिरकी खोबण करा, तिथे ब्यूटाइल टेपचं (चिकट रबरी पट्टीचं) वेटोळं बसवा, एका दमात आवळू नका. बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. खाऱ्या हवेत 304 ग्रेडवर तांबूस डाग येतात आणि मग गिऱ्हाईक पॅकिंगवाल्याला शिव्या घालतं.

आमच्याकडे शिकलेल्याच्या त्या दुकानाच्या बोर्डावर हल्ली "गोव्यातील पहिले" असं लिहिलंय. आमचा पहिला तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे, त्यावर काकांची पेन्सिलची खूण अजून दिसते. बादलीही दारातच असते.