गोव्याच्या दमट हवेत साच्यावरून आरसे

प्रत्येक अंतर्वक्र आरसा वेगळा घासत बसण्यापेक्षा काचेचा एकच बहिर्वक्र साचा जीव ओतून करावा आणि त्याची छाप एपॉक्सीत (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये) उतरवावी, हे लहान कारखान्याला परवडतं. सगळं अवलंबून असतं ते एपॉक्सीच्या थरावर, आणि नेमकं तिथंच दुर्लक्ष होतं.

हिशेब करून पाहा. एपॉक्सी जाडीत २ टक्के आकसते असं धरा. थर सगळीकडे २० मायक्रॉनचा असेल तर पृष्ठभाग ०.४ मायक्रॉन सरकतो, पण सारखाच; आकार बिघडत नाही. मध्ये २० आणि कडेला २५ असेल तर १०० नॅनोमीटरची चूक राहते, म्हणजे तपासणीच्या लाल लेझरच्या ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीचा जवळपास सहावा हिस्सा. म्हणून ॲल्युमिनियमचा ब्लँक, म्हणजे ज्यावर एपॉक्सीचा थर बसून आरसा होतो ती चकती, आधीच साच्याच्या वक्रतेला काही मायक्रॉनांच्या आत जुळवून घ्या. जाड थर देऊन खाचखळगे भरण्याच्या मोहात पडू नका.

साचा ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निर्वात पेटीत त्यावर साधारण १०० नॅनोमीटर सोनं चढवायचं. सोनं काचेला घट्ट धरत नाही, तेच इथं हवं असतं: सुटताना ते एपॉक्सीबरोबर येतं. काचेवर आधी क्रोमियम दिलंत तर सोनं काचेलाच घट्ट चिकटतं आणि साचा हातचा गेला. बुडबुडे काढलेली एपॉक्सी मधोमध टाकून ब्लँक सावकाश खाली आणा, म्हणजे हवा कडेकडे निघून जाते. बाहेर आलेली जादा एपॉक्सी घट्ट होण्याआधी पुसा, नाहीतर सोडवताना कडेचे टवके उडतात.

जून ते सप्टेंबर खरी कसोटी. एपॉक्सी घट्ट करणारा घटक, म्हणजे अमाइन हार्डनर, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतो, वर चिकट पांढुरकी साय येते. डबा लगेच बंद करा, डीह्युमिडिफायरने खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवा. वेर्ण्यातल्या शेडमध्ये रात्री नुसता एसी बंद केला तरी बाहेरची दमट हवा शिरून थंड काचेवर दव धरतं.

घाईने भट्टीत तापवू नका. १०० मिलिमीटर व्यासात ४० अंशांच्या फरकाने ॲल्युमिनियम आणि साधी ऑप्टिकल काच कडेला सुमारे ३२ मायक्रॉन एकमेकांवरून सरकू पाहतात. हा ताण गोठून राहतो आणि साच्यावरून सुटताच आरसा वाकतो. आरसा ज्या तापमानात वापरायचा, त्याच तापमानात किमान एक दिवस सुकू द्या. सोडवताना पाचर कडेच्या धातूला लावा, काचेला नाही.