ऐझॉल ते शिलाँग व्हाया सुमो: एका पुणेकराची लालभडक सुट्टी

सुट्टीच्या अर्जात कारण लिहिलं 'घरगुती'. साहेबांनी तरी विचारलंच कुठे चाललायस, म्हटलं ऐझॉल, तर म्हणाले पासपोर्ट आहे ना रे? आता काय बोलणार. ऐझॉल म्हणजे मिझोरामची राजधानी, आणि आज हे लिहितोय तेव्हा, म्हणजे मे 2017 मध्ये, तिथला फुटबॉल क्लब भारताचा चॅम्पियन आहे. ईशान्येकडचा पहिलाच. आणि ते होताना मी तिथे होतो (ओके, अगदी तिथे नाही, शिलाँगला, पण ते पुढे येईल).

आधी थोडं मागचं सांगतो कारण या सगळ्यात आपला महाराष्ट्र आणि गोवा पार गळ्यापर्यंत अडकलेत. ऐझॉल एफसी 1984 चा क्लब, 2015 ला सेकंड डिव्हिजन जिंकून आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या वरच्या फुटबॉल लीगमध्ये, आला. पहिल्याच सीझनला नऊ टीममध्ये आठवा नंबर. नववा नंबर कुणाचा? आमच्या पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सचा. पण गंमत बघा, कॉर्पोरेट एंट्रीने (म्हणजे खालून जिंकत न येता थेट) आलेल्या नव्या क्लबला सुरुवातीची वर्षं खाली ढकलायचं नाही असा नियम, त्यामुळे शेवटून पहिले आम्ही वर राहिलो आणि शेवटून दुसरे ते खाली गेले. मी तेव्हा बालेवाडीला मॅच बघायला जायचो, आणि खरं सांगतो, तेव्हा मला याचं काहीही वाटलं नव्हतं. वाचलो बुवा, एवढंच.

मग त्याच वर्षी साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे दोन गोव्याचे क्लब फुटबॉल फेडरेशनच्या धोरणावर वैतागून लीगमधून बाहेर पडले, जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत वर घेतलं. आणि कोच कोण आणला तर खालिद जमील, ज्याने मुंबई एफसीला वर्षानुवर्षं कशीबशी का होईना वरच्या लीगमध्ये टिकवलं आणि ज्याला मुंबईने 2016 ला सोडून दिलं. सोबत मुंबईचा जयेश राणे पण गेला. आणि या सीझनला तळाला राहून खाली कोण गेलं? मुंबई एफसी. असो.

तर प्लॅन साधा होता, 22 एप्रिलला शनिवारी ऐझॉल विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान, दोघं टेबलवर बरोबरीत, ती मॅच बघायची आणि आठवडाभर फिरून परत यायचं. कोलकात्याहून लेंगपुईचं विमान, उतरल्यावर तिथेच इनर लाइन परमिट (बाहेरच्यांना मिझोराममध्ये शिरायला लागणारा परवाना) काढायचं, फोटो आणि थोडे पैसे, फार कटकट नाही. लेंगपुईहून शहर तीसेक किलोमीटर, पण डोंगराच्या कडेकडेने, तासापेक्षा जास्त लागतो आणि शहर समोर दिसायला लागल्यावरही येतच नाही. उभं शहर आहे ते. घराच्या गच्चीवर दुसऱ्याचा रस्ता. आणि हॉर्न नाही! ट्रॅफिक तुंबलंय, टू-व्हीलरवाले डावीकडे एका रांगेत मुकाट उभे, कुणी मधे घुसत नाही. सिंहगड रोडवर रोज दीड तास काढणाऱ्या माणसाला हे बघून रडूच यायचं बाकी होतं.

मुआलपुईचं राजीव गांधी स्टेडियम, खाली कृत्रिम गवत आणि मागे डोंगरच डोंगर. मी सकाळीच जाऊन पोचलो, वाटलं जरा लवकरच आलो, तर अर्धं शहर आधीच हजर. लाल टी-शर्ट, लाल छत्र्या, एक आजी लाल शाल घेऊन डबा उघडून बसलेल्या, चर्चला निघावं तसे कडक इस्त्रीचे कपडे घातलेले लोक. शिव्या जवळपास नाहीत, मला जरा चुकल्यासारखंच झालं. बागानचा बॉल आला की गॅलरी एकदम गप्प, आपला आला की असा आवाज की पायाखालचं सिमेंट थरथरतं. ऐंशी मिनिटं उलटली तरी झिरो-झिरो, मी नखं संपवून बोटांवर आलेलो, आणि मग झोमिंगलियाना राल्तेचं हेडर. पुढच्या दोनेक मिनिटांचं मला काही आठवत नाही, शेजारच्या अनोळखी माणसाने मला उचललं होतं एवढं नक्की, माझं वजन 84 किलो आहे.

1-0. म्हणजे आता शेवटच्या मॅचमध्ये शिलाँगला जाऊन तिथल्या शिलाँग लाजाँग क्लबशी नुसता ड्रॉ केला तरी टायटल.

दुसरा दिवस रविवार. आणि इथे मी मार खाल्ला. मिझोराममध्ये रविवारी सगळं बंद असतं हे वाचलं होतं पण 'सगळं' म्हणजे खरंच सगळं असेल असं वाटलं नव्हतं. चहाची टपरीसुद्धा नाही. आदल्या रात्री चॅम्पियन झाल्यासारखं ओरडणारं गाव सकाळी कोट-टाय घालून चर्चला, रस्त्यावर मी आणि दोन कुत्री. लॉजवाल्या काकूंना दया आली, त्यांनी भात आणि 'बाई' दिली. बाई म्हणजे पालेभाज्यांचं उकडलेलं पातळ कालवण, बिनतेलाचं, पहिल्या घासाला काहीच कळत नाही आणि तिसऱ्या वाटीला थांबवत नाही. का लॉम ए म्हणजे थँक यू, हे तेव्हाच शिकलो.

मधले दिवस रेइकचा डोंगर आणि बाजार, त्यावर वेगळं लिहीन (लिहीन असं म्हणतोय). मुद्दा असा की परतीचं तिकीट मी रद्द केलं. शिलाँगची मॅच रविवारी 30 तारखेला, सोमवारी तशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मग झारकोटच्या सुमो काउंटरला गेलो आणि शुक्रवारच्या गाडीत शेवटची सीट मिळाली, सगळ्यात मागची.

आम्ही दहा जण आणि ड्रायव्हर. कोलासिब, वैरेंगते, मग आसामात सिलचर, मग रात्रभर मेघालयाचा घाट, सोनापूरला ट्रकच्या रांगेत दोन तास नुसते उभे. माझ्या शेजारी शाळेत शिकवणारे एक काका होते, त्यांना सगळे 'क पु' (मिझोत आदराने 'सर' म्हणावं तसं) म्हणत होते म्हणून मीही. त्यांनी विचारलं कुठचा, म्हटलं पुणे. गाडीत एक क्षण शांतता आणि मग पुढच्या सीटवरून एक पोरगा मागे वळून म्हणाला, "डीएसके?" आणि आख्खी सुमो फुटली. हसतायत, हसतायत. त्यांना सगळं पाठ होतं, कोण नववं, कोण आठवं, किती पॉइंट. मी आपला सॉरी म्हणायला लागलो तर क पु म्हणाले अरे तू कशाला, खाली गेलो नसतो तर हा कोच आला असता का? आणि उकडलेलं अंडं पुढे केलं. त्यानंतर माझं नावच 'पुणे' पडलं. पुणे, चहा घेणार? पुणे, पाय काढ.

रविवारची मॅच यावरून मात्र गाडीत खरा वाद होता. क पुंच्या घरी आवडलेलं नव्हतं. शेवटी ठरलं की सकाळी शिलाँगच्या मिझो चर्चमध्ये जायचं आणि मग स्टेडियम, आणि गेले पण सगळे.

नेहरू स्टेडियम पोलो भागात आहे, आणि घरची टीम लाजाँग असूनही लाल रंगाची काही कमी नव्हती, आमच्यासारख्या किती सुमो आल्या होत्या कोण जाणे, वर शिलाँगला शिकणारी मिझो पोरं. नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांडाने गोल टाकला. झालं. तिकडे कोलकात्यात बागानची मॅच चालू, दर दोन मिनिटांनी कुणीतरी मोबाइल बघतंय, कुणी बघू नका म्हणून ओरडतंय. क पु तर ग्राउंडकडे पाठ करून बसले, खरंच, हाफटाइमनंतरसुद्धा. 67 व्या मिनिटाला लालनुनफेलाने बॉल आत ढकलला तेव्हा त्यांनी तो गोल माझ्या तोंडावर बघितला.

उरलेली वीस-पंचवीस मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत, कुणी धड बघत नव्हतं. 1-1. बागान 2-1 जिंकली पण 36 वरच राहिली, ऐझॉल 37. शिट्टी वाजली आणि मला वाटलं आता धिंगाणा होईल, तर आधी आमच्या ओळीतले बरेच जण डोळे मिटून खाली बसले, प्रार्थना करत. मी पण बसलो, मला येत काही नाही, मनात गणपती बाप्पा म्हटलं. मग झाला धिंगाणा.

पुढच्या सीझनला हीच लीग वरची राहणार की आयएसएल (ती दुसरी, फ्रँचायझीवाली लीग), यावर दिल्लीत खलबतं चालू आहेत, आणि वर्षभर घाम गाळून वर आलेल्यांच्या पायाखालची शिडीच काढून घेतली तर काय, ही भीती सुमोतल्या पोरांनापण होती. मला तर चीडच येते.

शिलाँगच्या पोलीस बाजारला जादोह (खासी लोकांचा मटण घातलेला भात) खाल्ला, माझी गाडी गुवाहाटीला, त्यांची ऐझॉलला. क पुंनी गळ्यातला लाल मफलर माझ्या गळ्यात टाकला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बालेवाडीला मॅच बघायला येतो, तुझ्याकडे उतरतो. मी जोशात म्हटलं या की, सगळेच या.

नऊच्या नऊ जण हो म्हणालेत. घरी अजून सांगितलेलं नाही, आमचा वन बीएचके आहे.