राइशटागच्या भिंतीवरची नावं

आई-बाबा बर्लिनला आले म्हटल्यावर राइशटाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, दाखवणं आलंच. फुकट असतं, फक्त आधी ऑनलाइन नाव-जन्मतारीख टाकायची आणि जाताना पासपोर्ट न्यायचा. मी आधी दोनदा नुसता घुमट बघून आलेय, या वेळी गाइडेड टूर घेतली आणि बरंच झालं.

आत एका पॅसेजमध्ये बाबा थांबलेच. भिंतीवर कोळशाने आणि रंगीत खडूने खरडलेलं, सगळं रशियन लिपीत. "अगं हे तर आपल्या किल्ल्यांवर असतं तसलं, अमुक लव्ह तमुक!" प्रकार खरंच तोच, फक्त लिहिणारे सोव्हिएत सैनिक. १९४५ च्या मे महिन्यात बर्लिन पडल्यावर आत शिरले आणि नावं, गावं, कुठून कुठवर आलो ते सगळं लिहून गेले. साठच्या दशकातल्या डागडुजीत त्यावर पॅनल ठोकले, ते नव्वदच्या दशकात आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरने इमारत नव्याने केली तेव्हा निघाले तर खाली हे शाबूत! अगदी घाण शिव्या होत्या त्या रशियन वकिलातीशी बोलून काढल्या म्हणे, बाकी राहू दिलं. हरवणाऱ्यांच्या सह्या स्वतःच्याच संसदेत जपायच्या, जिगर लागते राव.

मूळ बिल्डिंग आर्किटेक्ट पाउल वालोटची, १८८४ ला पायाभरणी, १८९४ ला पूर्ण. दारावरची 'जर्मन जनतेस' ही अक्षरं मात्र १९१६ ला लागली, तीही जिंकून आणलेल्या फ्रेंच तोफा वितळवून. मग २७ फेब्रुवारी १९३३ ची ती आग, दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे हक्क गुंडाळणारा वटहुकूम, पुढची हिटलरची हुकूमशाही माहितीच आहे. फॉस्टरने नव्याने केलेल्या या इमारतीत संसद पहिल्यांदा बसली ती १९ एप्रिल १९९९ ला.

सभागृहात समोर भला मोठा गरुड आहे, लोक त्याला 'जाडी कोंबडी' म्हणतात. फॉस्टरला सडपातळ गरुड हवा होता पण खासदार ऐकेनात, जुना गुबगुबीतच पाहिजे. आईला हे फार आवडलं.

शेवटी घुमट. मधोमध ३६० आरशांचा उलटा शंकू, तो दिवसाचा उजेड खाली सभागृहात पाठवतो आणि आतली गरम हवाही त्यातूनच वर जाते. मी हे सगळं रंगवून सांगतेय तर आई त्यातलाच एक आरसा गाठून केस नीट करत होती आणि बाबा काचेतून खाली वाकून रिकाम्या खुर्च्या मोजत होते.